नेपच्यून सापडला, व्हल्कन सापडला नाही: आकडे जुळेनात तेव्हा संशय कोणावर घ्यावा?

तलावपाळीकर (धागाकर्ता)

नमस्कार. ठाण्यातील आमच्या अभ्यासमंडळात सध्या भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र यांच्या इतिहासाचे वाचन चालू आहे. तेथे निघालेला एक वाद मिटत नसल्याने तो येथे मांडतो.

हर्शेलने १७८१ मध्ये शोधलेला युरेनस पुढच्या काही दशकांत न्यूटनच्या नियमांनी काढलेल्या मार्गावरून ढळू लागला. त्याच्या पलीकडे न दिसलेला एखादा ग्रह असला पाहिजे असे गृहीत धरून लव्हेरिये या फ्रेंच गणितज्ञाने त्या ग्रहाचे स्थान काढले, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाले याला त्या स्थानापासून एका अंशाच्या आत नेपच्यून दिसला. त्याच लव्हेरियेने १८५९ मध्ये बुधाचा हिशेब मांडला. सगळ्या ज्ञात ग्रहांची ओढ जमेस धरूनही बुधाच्या कक्षेचा उपसूर्य बिंदू, म्हणजे सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू, शतकाला सुमारे ३८ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जास्त सरकत होता. पुढे न्यूकोमने हा आकडा ४३ वर नेला. लव्हेरियेचा निष्कर्ष पूर्वीचाच होता: बुधाच्या आत न दिसलेला ग्रह, किंवा लहान खंडांचे कडे असावे. ग्रहाचे नाव व्हल्कन असे पडले आणि तो कधीच सापडला नाही. नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या नव्या गुरुत्व सिद्धांतातून त्या ४३ विकला कोणताही नवा ग्रह न कल्पिता निघाल्या.

माणूस तोच आणि पद्धतही तीच असताना एकदा वस्तू खरी निघाली आणि एकदा नियम अपुरा निघाला. ‘विज्ञान स्वतःला सुधारत जाते’ असे सांगून शालेय पुस्तके मोकळी होतात. परंतु वस्तू शोधावी की नियम बदलावा, हे त्या काळात कोणी कशावरून ठरवायचे? पुढचे काहीच ठाऊक नसलेल्या १८५९ च्या माणसाला या दोन प्रकरणांतला फरक ओळखता आला असता काय? माझे मत असे की आला नसता. तो नशिबाचा खेळ होता. मतभेद असल्यास अवश्य लिहावे.

शंकासुर

नशिबाचा खेळ म्हणायचे तर आपण ज्याला यश म्हणता त्या नेपच्यूनपासूनच सुरुवात करावी लागेल. लव्हेरिये आणि इंग्लंडमध्ये स्वतंत्रपणे तेच गणित करणारा अॅडम्स, या दोघांनीही नव्या ग्रहाचे अंतर बोडेच्या आकडेमोडीच्या (ग्रहांची अंतरे एका ठरावीक क्रमाने वाढतात, या ठोकताळ्याच्या) आधारे धरले होते. ते त्यांच्या हिशेबात सूर्यापासून ३६ ते ३७ खगोलीय एककांच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) आसपास आले. प्रत्यक्षात नेपच्यून ३० एककांवर आहे. म्हणजे त्यांनी काढलेली कक्षा चुकीची होती, पण त्या दशकांत आकाशातील दिशा मात्र बरोबर येत होती. शोध लागल्यानंतर वर्षभरातच अमेरिकेत पीअर्स याने हा शोध म्हणजे सुखद योगायोग असल्याचे म्हटले आणि त्यावर मोठा गदारोळ झाला.

मीरा_नेरूळ

शंकासुर यांचे म्हणणे अर्धे मान्य आहे. वस्तुमान आणि अंतर या दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या हे खरे; परंतु दिशा बरोबर येणे हा योगायोग नव्हता. युरेनसने १८२२ च्या सुमारास नेपच्यूनला आतल्या बाजूने मागे टाकले होते. त्या सुमाराला ओढ सर्वांत जास्त होती आणि ती कोणत्या दिशेने आहे हे निरीक्षणांत स्पष्ट उमटलेले होते.

आणखी एक गोष्ट नेहमी सुटते. बर्लिनमध्ये पहिल्याच रात्री ग्रह सापडला, कारण गालेचा तरुण सहकारी दारे याने आकाशाच्या त्या भागाचा नवा छापील नकाशा काढण्याची सूचना केली. नकाशात नसलेला तारा म्हणजे ग्रह, इतके ते काम सोपे झाले. केंब्रिजमध्ये चॅलिसने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नेपच्यूनची नोंद करूनही तो ओळखला नाही. तो नकाशा त्याच्या हाताशी नव्हता. त्याहून जुनी नोंद गॅलिलिओची आहे. त्याने डिसेंबर १६१२ आणि जानेवारी १६१३ मध्ये गुरूजवळ नेपच्यून पाहिला आणि तारा म्हणून टिपून ठेवला.

घोडबंदरकर

ग्रह सापडला तर गणित श्रेष्ठ आणि न सापडला तर आकाश ढगाळ, असा न्याय दिसतो. आम्ही ठाणेकर जून ते सप्टेंबर याच न्यायाने आकाशदर्शनाचे कार्यक्रम ठरवत असतो, आणि उरलेले आठ महिने घोडबंदर रस्त्यावरील दिव्यांना दोष देत असतो.

सेवानिवृत्त_गुरुजी

धागाकर्त्यांनी दोनच वाटा सांगितल्या आहेत: न दिसलेली वस्तू किंवा अपुरा नियम. तिसरीही वाट आहे, ती म्हणजे आपलाच हिशेब अपुरा असणे. हे उदाहरण नेपच्यूनच्या शंभर वर्षे आधीचे आहे.

चंद्राच्या कक्षेचा लांबट अक्ष आकाशात सुमारे पावणेनऊ वर्षांत एक फेरी पूर्ण करतो. न्यूटनच्या नियमाने हिशेब केला की ही गती निम्मीच येत असे. क्लेरोने १७४७ मध्ये पॅरिसच्या अकादमीसमोर असे मांडले की न्यूटनचा वर्गव्यस्त नियमच (ओढ अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, हा) अपुरा असून त्यात अंतराच्या आणखी वरच्या घाताचे एक पद मिळवले पाहिजे. ऑयलरलाही नियमाविषयी शंका होती. परंतु १७४९ मध्ये क्लेरोनेच जाहीर केले की गणितात जी पदे क्षुल्लक म्हणून सोडली होती ती धरल्यास निरीक्षणाशी मेळ बसतो आणि नियमाला हात लावण्याचे कारण उरत नाही. दुकानाच्या रोजमेळात संध्याकाळी रक्कम जुळली नाही, तर शहाणा मालक नोकरावर आळ घेण्यापूर्वी बेरीज पुन्हा करतो, तसा हा प्रकार आहे. याच क्लेरोने पुढे लालांद आणि निकोल-रेन लपोत यांच्या सहकार्याने हॅलेच्या धूमकेतूच्या परतीचा हिशेब केला. त्यांनी एप्रिल १७५९ सांगितला होता. धूमकेतू १३ मार्चला सूर्याच्या सर्वांत जवळ आला.

पुढे युरेनस ढळू लागला तेव्हा एवढ्या अंतरावर वर्गव्यस्त नियम तंतोतंत लागू पडतो की नाही, अशी शंका एअरीसारख्या ग्रीनिचच्या राजज्योतिर्विदालाही आली होती. म्हणजे वस्तूआधी नियमावर संशय घेणारे लोक त्या काळीही होते. क्लेरोचा अनुभव गाठीशी असल्यामुळे बहुतेकांनी तो रस्ता टाळला, असे मला वाटते.

दशमान

गुरुजींचा प्रतिसाद आवडला. आता ग्रह थोडे बाजूला ठेवून वर्णपटाकडे पाहावे, कारण तेथे हेच नाटक तीनदा झाले आहे.

सूर्याच्या वर्णपटात १८६८ मध्ये एक पिवळी रेषा दिसली. ती सोडियमच्या जोडरेषेजवळ असली तरी तिच्याशी जुळत नव्हती. नवे मूलद्रव्य कल्पिले गेले, त्याला हेलियम म्हटले, आणि १८९५ मध्ये रॅम्झीला युरेनियमच्या एका खनिजातून बाहेर पडणाऱ्या वायूत ते पृथ्वीवर सापडले. १८६९ च्या ग्रहणात सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली. तिच्यासाठी कोरोनियम कल्पिले. तेजोमेघांच्या वर्णपटातील हिरव्या रेषांसाठी नेब्युलियम कल्पिले. ही दोन्ही मूलद्रव्ये अस्तित्वातच नाहीत. नेब्युलियमच्या रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या असल्याचे बोवेनने १९२७ मध्ये दाखवले. कोरोनियमची रेषा तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची निघाली. ग्रोट्रियन आणि एडलेन यांनी १९४० च्या आसपास हे सिद्ध केले, आणि त्यामुळे प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या घरात असल्याचे मान्य करावे लागले.

तलावपाळीकरांच्या प्रश्नाचे उत्तर येथे अंशतः मिळते. १८६८ मध्ये आवर्तसारणी अजून आकार घेत होती, त्यामुळे नव्या मूलद्रव्याला जागा होती. १९२० पर्यंत अणुक्रमांकांची संगती लागली होती आणि हलक्या मूलद्रव्यांमध्ये एकही जागा शिल्लक नव्हती. म्हणजे नेब्युलियमसाठी घरच उरलेले नव्हते, आणि हे बोवेनच्या आधीच ज्याला पाहायचे त्याला दिसत होते.

विजयदुर्गकर_मुक्काम_वाशी

हेलियमचा विषय निघाला म्हणून लिहितो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळी लॉकियर यांनी आमच्या विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलियम शोधला, हे कोकणात सर्वांना ठाऊक आहे. किल्ल्यावर त्यांनी दुर्बिणी ठेवलेले ‘साहेबाचे ओटे’ आजही दाखवतात. कोकणाचे हे श्रेय या धाग्यात नोंदवले जावे.

मीरा_नेरूळ

ओटे आहेत आणि लॉकियर विजयदुर्गला आलेही होते, परंतु ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. १८६८ च्या ऑगस्टमध्ये ते इंग्लंडमध्येच होते. त्यांनी त्या वर्षी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, सूर्यबिंबाच्या कडेवरील ज्वाळांचा वर्णपट घेतला. ऑगस्टच्या ग्रहणात जान्सेन हे फ्रेंच निरीक्षक गुंटूरला होते, आणि ग्रहणाशिवायही ज्वाळांचा वर्णपट पाहता येतो हे त्यांनी तेथे स्वतंत्रपणे दाखवले. कोकणाचा मान कमी होत नाही. फक्त वर्ष तीस वर्षांनी पुढे जाते.

विजयदुर्गकर_मुक्काम_वाशी

ओटे तर खरे आहेत ना, मग झाले. वर्षाचे आपण किल्ल्यावर जाऊन भांडू.

पंचांगवाचक

सर्व उदाहरणे युरोपातील येत आहेत, म्हणून आपल्याकडील एक पद्धत नोंदवतो, कारण ती वरील तिन्ही वाटांपेक्षा वेगळी आहे.

सिद्धांतग्रंथांवरून काढलेले ग्रह काही शतकांनी आकाशातील ग्रहांशी जुळेनासे होत. तेव्हा आपले ज्योतिषी ‘बीजसंस्कार’ देत, म्हणजे ग्रहांच्या गतीच्या आकड्यांत लहान दुरुस्ती करत. मूळ रचना तशीच राही. मुरूड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांचा ‘ग्रहलाघव’ हा शके १४४२ चा, म्हणजे इसवी सन १५२० चा ग्रंथ. त्यांचे वडील केशव हेही स्वतः वेध घेणारे होते. गणेशांनी कोणत्या ग्रहासाठी सूर्यसिद्धांताचे, कोणासाठी आर्यपक्षाचे, तर कोणासाठी ब्रह्मपक्षाचे (पक्ष म्हणजे ज्योतिषाची परंपरा) मान घेतले. आकाशात जे जुळेल ते, मग पक्ष कोणताही असो. शिवाय ज्या-कोष्टके (त्रिकोणमितीतील साइनची कोष्टके) टाळून सर्व गणित सोपे केले. महाराष्ट्रात पुढे कित्येक पिढ्या पंचांगे या ग्रंथावरून होत असत.

माझ्या मते ही पद्धत कमी प्रतीची नाही. ग्रहण सांगितलेल्या वेळी लागणे ही तिची कसोटी होती आणि ती ती पार पाडत होती. मात्र तिच्यातून नवा नियम निघत नाही, कारण प्रत्येक विसंगती आकड्यात जिरवली जाते आणि पुढच्या पिढीला विसंगती होती हेच कळत नाही. केप्लरजवळही असाच सोपा मार्ग होता. मंगळाच्या वर्तुळाकार कक्षेत आणि टायकोच्या वेधांत त्याला ८ कलांचा फरक आढळला, जो पूर्ण चंद्रबिंबाच्या जेमतेम चौथा हिस्सा भरतो. तो त्याने जिरवू दिला नाही, आणि १६०९ च्या ग्रंथात लंबवर्तुळ आले.

शंकासुर

पंचांगवाचक, मुद्दा उत्तम आहे, पण वेंकटेश बापूजी केतकरांना आपण कसे विसरलात? ‘ज्योतिर्गणित’कार केतकरांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनच्या पलीकडील दोन ग्रहांचे भाकीत प्रसिद्ध केले होते. पहिल्याला त्यांनी ब्रह्मा म्हटले: अंतर ३८.९५ एकके, प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे. १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे अंतर साडेएकोणचाळीस एकके आणि काळ २४८ वर्षे.

पंचांगवाचक

विसरलो नव्हतो, मुद्दाम वगळले होते. केतकरांची विद्वत्ता निर्विवाद आहे. पण त्यांनी दुसरा ग्रह विष्णू हा सुमारे ६० एककांवर सांगितला होता आणि तेथे तसा ग्रह नाही. गुरूच्या उपग्रहांच्या गतींत जे गुणोत्तर आढळते तसेच बाह्य ग्रहांतही असेल, या गृहीतावर ते गणित उभे होते. एक भाकीत जुळले म्हणून उचलून धरायचे आणि शेजारचे गाळायचे, हे मला पटत नाही.

शंकासुर

मान्य. आणि प्लूटोची गोष्ट तर याहून गमतीची आहे. लोवेलने युरेनसच्या उरल्यासुरल्या विसंगतीवरून पृथ्वीच्या कित्येक पट जड ग्रह कल्पिला, त्याच्या वेधशाळेत टॉम्बॉने शोध केला आणि सांगितलेल्या जागेजवळ प्लूटो सापडला. १९७८ मध्ये शॅरन हा त्याचा उपग्रह सापडल्यावर प्लूटोचे वस्तुमान काढता आले, ते आपल्या चंद्राच्याही पाचव्या हिश्श्याहून कमी भरले. एवढासा गोळा युरेनसला हलवणार कसा? शेवटी व्हॉयेजर-२ यानाने १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून जाताना त्याचे वस्तुमान नेमके मोजले, ते जुन्या आकड्यापेक्षा सुमारे अर्ध्या टक्क्याने कमी होते. तो नवा आकडा घालून स्टँडिश यांनी १९९३ मध्ये हिशेब केला आणि विसंगतीच नाहीशी झाली. गुरुजींची तिसरी वाट हीच.

ऐरोलीकर

मी मोजमापाच्या उपकरणांच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे या तिसऱ्या वाटेवर माझा अधिक विश्वास आहे. २०११ मध्ये सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेहून सुमारे ७३० किलोमीटर दूर इटलीतील प्रयोगशाळेत जाणारे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे जाहीर झाले होते. मुख्य कारण निघाले नीट न बसलेली प्रकाशतंतूची एक जोडणी. आमच्याकडे आकडा विचित्र आला की आधी जोडण्या तपासतात, मग उपकरणाचे प्रमाणीकरण पाहतात. आइन्स्टाइनचे नाव कोणी काढत नाही.

तलावपाळीकर

सर्वांचे आभार. आता माझा प्रश्न अधिक नेमका करतो. चार वाटा दिसतात हे मान्य. परंतु दशमान यांनी नेब्युलियमबाबत दाखवली तशी, निकाल लागण्यापूर्वीच हाती असलेली एखादी कसोटी बुधाच्या बाबतीत होती काय? आइन्स्टाइनच्या आधीची. तशी ती नसेल तर माझे नशिबाचे मत मी सोडणार नाही.

अवंतिका_कळवा

कसोटी होती, आणि ती लोकांनी वापरलीही. थोडे विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट, लव्हेरियेने थेट ग्रहावर उडी मारली नव्हती. शुक्राचे वस्तुमान सुमारे एक दशांशाने वाढवले तर बुधाचा प्रश्न सुटतो, हे त्याने तपासले होते. परंतु तसे केल्यास पृथ्वीच्या गतीचा हिशेब बिघडतो, म्हणून त्याने तो पर्याय सोडला.

दुसरी गोष्ट, व्हल्कनला तपासण्याच्या जागा होत्या. लेस्कार्बो या खेड्यातील डॉक्टरने मार्च १८५९ मध्ये सूर्यबिंबावरून एक काळा ठिपका सरकताना पाहिल्याचे कळवले आणि लव्हेरियेने स्वतः जाऊन त्याची उलटतपासणी घेतली. परंतु त्याच वेळी ब्राझीलमध्ये सूर्याचे निरीक्षण करणाऱ्या लिये याने काहीही दिसले नसल्याचे सांगितले. नेपच्यूनसारखा ग्रह दूर आणि मंद असतो, तो एकदाच शोधावा लागतो. सूर्याजवळच्या ग्रहाने मात्र वारंवार सूर्यबिंबावरून जायला हवे आणि प्रत्येक खग्रास ग्रहणात दिसायला हवे. १८७८ च्या ग्रहणात वॉटसन आणि स्विफ्ट यांनी तो पाहिल्याचा दावा केला, पण दोघांच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या नाहीत. लिक वेधशाळेच्या पथकांनी १९०१, १९०५ आणि १९०८ च्या ग्रहणांत छायाचित्रे घेतली. पुरेसे वस्तुमान असलेले काहीही सापडले नाही. म्हणजे १९१५ च्या आधीच व्हल्कन जवळपास निकालात निघाला होता.

तिसरी गोष्ट नियमाची. असाफ हॉल यांनी १८९४ मध्ये सुचवले की न्यूटनच्या नियमातील घातांक नेमका २ न धरता सुमारे २.००००००१६ धरावा, म्हणजे बुधाचे ४३ विकलांचे येणे चुकते होते. हे गणेश दैवज्ञांच्या बीजसंस्काराचेच भावंड दिसते, पण नियमाच्या गाभ्यात घातलेले. आणि नियमात घातले म्हणूनच ते सर्वत्र लागू करावे लागले. चंद्राचा हिशेब तोवर इतका सूक्ष्म झाला होता की ब्राउन यांच्या चांद्रगणिताने १९०३ मध्ये हा बदललेला घातांक नाकारला. ज्या चंद्राने क्लेरोच्या वेळी वर्गव्यस्त नियम वाचवला, त्यानेच दीडशे वर्षांनी पुन्हा तो वाचवला.

तेव्हा तलावपाळीकर, १८५९ साली उभे राहून फरक ओळखता आला नसता, इतपत आपले म्हणणे मला मान्य आहे. पण त्यानंतरच्या पन्नास वर्षांत ग्रह, धूळ आणि घातांक या तिन्ही उत्तरांची वेगवेगळी तपासणी होत गेली. सूर्याभोवतीच्या धुळीची ओढ बुधाला सरकवते ही कल्पना झेलिगर यांची होती आणि तीच सर्वांत जास्त काळ तग धरून राहिली. याला नशीब म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

निहारिका_खारघर

अवंतिका यांची कसोटी आजच्या प्रश्नाला लावून पाहते. झ्विकी यांनी १९३३ मध्ये कोमा समूहातील दीर्घिकांचे वेग तपासले, तर दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीने तो समूह बांधलेला राहणे शक्य नव्हते. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दीर्घिकांच्या कडेचे तारेही अपेक्षेप्रमाणे मंद होत नाहीत. बहुसंख्य लोक कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण ओढ लावणारे द्रव्य, कल्पितात; मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये त्याऐवजी अत्यल्प त्वरणाला गतीचा नियमच बदलतो असे सुचवले. एकीकडे नेपच्यूनचा पक्ष आणि दुसरीकडे बुधाचा.

हॉल यांच्या घातांकाप्रमाणेच मिलग्रोम यांचा नियमही सर्वत्र चालला पाहिजे. एकेका दीर्घिकेत तो आश्चर्यकारक रीतीने चालतो, परंतु दीर्घिकासमूहांत अडखळतो आणि तेथे न दिसणारे काही द्रव्य त्यालाही मानावे लागते. दुसऱ्या बाजूला कृष्णद्रव्याचा कण जमिनीखाली खोल ठेवलेल्या संवेदकांना अजून सापडलेला नाही. माझा कल कृष्णद्रव्याकडे आहे, कारण विश्वाच्या पार्श्वभूमी प्रारणातील चढउतार आणि समूहांची गुरुत्वीय भिंगे हे परस्परांपासून स्वतंत्र पुरावे त्याच प्रमाणाकडे बोट दाखवतात.

सेवानिवृत्त_गुरुजी

कण सापडलेला नाही एवढ्यावरून घाई करू नये. बीटा क्षयात (अणुकेंद्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्या किरणोत्सर्गात) काही ऊर्जा गायब होते असे दिसले तेव्हा बोर ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियमच सोडायला तयार होते. पाउली यांनी १९३० मध्ये न दिसणारा कण सुचवला, तोच न्यूट्रिनो. राइन्स आणि कॉवन यांनी तो १९५६ मध्ये अणुभट्टीजवळ पकडला. मध्ये सव्वीस वर्षे गेली. वातावरणात निर्माण होणारे न्यूट्रिनो तर १९६५ मध्ये आपल्याच कोलार येथील सोन्याच्या खाणीत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या सहभागाने लावलेल्या उपकरणांत नोंदले गेले.

शंकासुर

गुरुजी, व्हल्कनचीही पन्नास वर्षे वाट पाहिली होती. किती थांबायचे याचा नियम मात्र या धाग्यात कोणी सांगितलेला नाही.

अवंतिका_कळवा

वर्षे मोजण्यापेक्षा त्या काळात जागा किती तपासून झाल्या हे मोजावे. पाउलींच्या कणाला फर्मींच्या १९३४ च्या सिद्धांताने क्षयाच्या वर्णपटाचा आकार आणि आयुर्मान यांचे आकडे दिले होते, म्हणजे कण हाती येण्याआधीच त्याचे काम दिसत होते. व्हल्कनने त्या ३८ विकलांखेरीज दुसरे कोणतेच काम केले नाही.

तलावपाळीकर

ही कसोटी मला मान्य आहे, आणि मंडळाच्या पुढील बैठकीत १८५९ चा प्रश्न १९०८ पर्यंत वाढवून मांडीन. झेलिगर यांच्या धुळीविषयी मात्र अधिक वाचायला आवडेल. सूर्याभोवतीची धूळ राशिप्रकाशाच्या (पहाटे किंवा संध्याकाळी क्षितिजाजवळ दिसणाऱ्या मंद उजेडाच्या) रूपाने खरोखर दिसते. मग तिचे वस्तुमान पुरेसे नाही हे त्या काळी कोणी कसे दाखवले? जाणकारांनी लिहावे.